भुईवर घ्या
मुळशीच्या एका रिसॉर्टमध्ये, पाहुण्यांना गावाकडचं वाटावं म्हणून शेणाने सारवलेल्या खोलीत परवा पाऊल टाकलं, आणि त्या ओलसर वासाने मला हिंजवडीतल्या आमच्या अकराव्या मजल्यावर नेऊन सोडलं. वडिलांची ती शेवटची दुपार होती. सारा जन्म मातीच्या घरात काढून ते आमच्या हट्टाखातर फ्लॅटमध्ये आले होते. श्वास अडखळायला लागला तसे म्हणाले, "मला भुईवर घ्या." आमच्यात जाणाऱ्या माणसाला पलंगावर ठेवत नाहीत. आम्ही दोघा भावांनी त्यांना उचललं आणि चकचकीत फरशीवर घोंगडी टाकून निजवलं. त्यांनी हात बाहेर काढून फरशी चाचपली. "ही भुई न्हाई रं," ते म्हणाले, "हिच्याखाली माणसं ऱ्हात्यात." आई गॅलरीत धावली, तुळशीच्या कुंडीतली मूठभर माती आणून तिने त्यांच्या तळहाताखाली पसरली. त्यांनी ती मुठीत धरली. परवा मॅनेजर दारातून म्हणाला, "सर, वास सहन होत नसेल तर टाइल्सवाली रूम देतो." मी खाली बसलो होतो, हात भुईवर टेकून, आणि मला उठवत नव्हतं.