कापलेला कोपरा

काकूंनी माझ्या कुर्त्याचं टोक धरलं आणि वर उचललं. हॉलभर बायका. संक्रांतीचं हळदीकुंकू. मी धुतलेल्या कपांचा ट्रे दोन्ही हातांत धरून उभी. कुर्ता खाली ओढायला हात मोकळा नाही. सलवारीची नाडी सगळ्यांना दिसत होती. काकू नखानं माझी शिवण उकरत होत्या.

"इथंच कापला होता मी," त्या बायकांना सांगत होत्या. "बघा, कसा झाकलाय."

टाके तटातट तुटले. एक बाई हसली. बाकीच्या वाणाच्या डब्यांकडं बघत बसल्या.

सिडकोतल्या या बंगल्यात माझी आई भांडी, कपडे, फरशी करायची. काकू तिला मावशी म्हणायच्या. आई त्यांच्याहून लहान. दर दिवाळीला काकू जुन्या कपड्यांचं बोचकं द्यायच्या, आणि देण्याआधी प्रत्येक कपड्याचा एक कोपरा कात्रीनं कापायच्या. आमच्यासमोर. अंगावर वापरलेला कपडा अख्खा दिला तर त्यावर कुणी करणी करतं, असं त्यांचं म्हणणं. कुणी म्हणजे आम्ही. आमची वस्ती.

लहानपणी मला वाटायचं, जुना कपडा असाच असतो. वर्गातली एक मुलगी भावाचा जुना शर्ट घालून आली, त्याचे सगळे कोपरे शाबूत. मला ते खरंच वाटेना. घरी येऊन आईला विचारलं तर तिनं चुलीकडं तोंड फिरवलं.

या कुर्त्याचा रंग वांग्याचा. पोटावर थाळीएवढं पिवळं फूल. काकूंच्या मापाचा, त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. पण मला तो हवाच होता. शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर मुलगी हवी होती आणि मला हळदीकुंकवाच्या दिवशीच संध्याकाळी बोलावलं होतं. आईचे गुडघे गेले होते. फरशी पुसायला बसली की भिंत धरून उठायची. मला काम लागलं असतं तर तिची फरशी सुटली असती. आणि माझ्याकडं अंगावर घालून चारचौघांत जावं असं एकही कापड नव्हतं.

म्हणून सगळा कुर्ता उसवला. साबणाच्या तुकड्यानं खुणा केल्या, शेजारच्या चाचींच्या मशीनवर बसले. खांदे आत घेतले, बाह्या बारीक केल्या. फूल पोटावरून उसवून काढलं, पाकळी न् पाकळी सुटी केली आणि खालच्या काठाला लावली. एक पाकळी बरोब्बर त्या कापलेल्या कोपऱ्यावर. चाची म्हणाल्या, "शहागंज की दुकान का लगता बेटा." मी आरशात बघितलं. मी छान दिसत होते. इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं.

आई म्हणाली, जाता जाता कप धुऊन दे, माझ्यानं बसवत नाही. म्हणून मी बंगल्यावर गेले. काकूंच्या मुलीचा ताप बरेच दिवस उतरत नव्हता. काकूंनी वांगी रंग ओळखला. कोपरा शोधला. तो पाकळीखाली झाकलेला निघाला.

"तुम्ही लोकांनी कोपरा भरून काढला, म्हणून माझी पोरगी अंथरुणाला खिळली," त्या म्हणाल्या. आणि कात्री घेऊन आल्या. कुर्ता माझ्या अंगावर असतानाच कोपरा परत कापायचा होता त्यांना.

आई मोरीतून लंगडत आली. माझ्या हातातला ट्रे घेतला. मला वाटलं, आता ती बोलेल.

"उभी ऱ्हा गं," आई म्हणाली. "कापू दे त्यांना. काय व्हतंय?"

मी जमिनीकडं बघितलं. पिवळी पाकळी लोंबत होती. कात्री काठाला टेकली. माझ्या हातानं आपण होऊन काकूंचं मनगट धरलं.

"अंगाला कात्री लावू नका."

"माझा कपडा आहे तो."

"व्हता. शिवला मी. आता माझा हाय."

काकूंनी हात सोडवून घेतला आणि आईला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

गेटबाहेर आईनं मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढून पाकळीला लावली. मी तशीच दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंची नजर पुन्हा पुन्हा त्या पिनेवर जात होती. माझ्या तोंडून नाव सोडून काही फुटेना. कळवतो म्हणाले. कुणी कळवलं नाही.

आई मला दोष देते. उघड देते. कामाला दुसरं घर मिळेपर्यंत आम्ही कसं काढलं ते तिलाच ठाऊक, आणि ती फरशी अजून पुसतेच आहे.

या दिवाळीला नव्या घरून बोचकं आलं. मी उघडलं. जाड स्वेटर होता, आईच्या मापाचा. तिला थंडीत गुडघ्यांइतकेच खांदे दुखतात. स्वेटरचा कोपरा कापलेला. प्रत्येक कपड्याचा कापलेला.

मी बोचकं बांधलं आणि त्या घराच्या पायरीवर ठेवून आले. आई रात्री जेवली नाही. भिंतीकडं तोंड करून पडली, कुडकुडत.

कपडा जुना चालेल. फाटका चालेल, मी शिवीन. कापून दिलेला कपडा आमच्या घरात येणार नाही. आईनं आणला तरी नाही.