चारशे साठ वॉट

तिची उभी हयात हीटरच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर गेली. कमी करंट घेणारा हीटर ती कुणाचीही भीडभाड न ठेवता परत पाठवायची. पुढे पायांतली ताकद गेली आणि ती लेकाच्या घरी, मागच्या खोलीत, खाटेला खिळली.

थंडी वाढली तसा लेकाने हीटर आणला. "आई, दोन हजार वॉटचा आहे. आता रडगाणं बंद कर."

पण मंद लाल तारेसमोर धरलेली तिची बोटं काही केल्या गरम होईनात. तिने प्लगला जोडायचा आपला जुना छोटा मीटर काढला आणि सरपटत जाऊन लावला. दोनशे तीस व्होल्ट, करंट जेमतेम दोन अँपिअर. गुणाकार केला, तर चारशे साठ वॉट. भागाकार केला, तर रेझिस्टन्स एकशे पंधरा ओहम, हवा त्याच्या चौपटीहून जास्त.

तिचा जीव लेकासाठीच कळवळला. तो आत येताच ती म्हणाली, "अरे, दुकानदाराने तुला गंडवलं रे! आत भलतीच तार घातलीय."

"गंडवलंबिंडवलं कुणी नाही. मीच बदलून घेतली. तुझ्या एकटीसाठी एवढी वीज कशाला जाळायची?"

त्याने मीटर उपटून खिशात टाकला. "हा नसला की थंडीही वाजणार नाही बघ." स्वतःच्याच विनोदावर हसत त्याने दार ओढून घेतलं.

तिला उचलून खाटेवर ठेवायचं त्याच्या लक्षातही आलं नाही. कोपरांवर रेटा देत ती खाटेकडे सरकू लागली.