अंगठ्याची ओळ

या गवंड्याला किल्ल्याचा इतिहास विचारू नका बाई, दगडन् दगड सांगत बसेल. एका राजाने बांधला, दुसऱ्याने तोफा डागून घेतला, तिसऱ्याने त्याचा तुरुंग केला, आणि आता समुद्र फुकटात खातोय. तीस वर्षं हा त्याच भिंतींना ठिगळं लावतोय. स्वतःच्या घराचं छत गळतं, ते मात्र विचारायचं नाही!

बायको त्याच्याच हाताखाली चुना भरायची. पहिल्याच दिवशी थापी घरी विसरली, तर दगडांमधल्या फटीत चुना भरून सरळ अंगठ्याने दाबत सुटली.

“अगं, सांधे भरतेयस की भिंतीचा गळा दाबतेयस?”

“तुमच्या थापीपेक्षा जास्त टिकेल, बघाच!”

पश्चिमेच्या बुरुजावर तिच्या अंगठ्याच्या बारा खळ्या अजून आहेत. ती जाऊन सहा वर्षं झाली. हा डबा खायला रोज तिथेच बसतो. म्हणे, वारा छान लागतो. हो का? बाकी समुद्रावर वाऱ्याचा दुष्काळच पडलाय जणू!

परवा इंजिनिअर बाई आल्या. “काका, या बुरुजात पाणी शिरतंय. जो सांधा पोकळ वाजेल तो खरवडून नव्याने भरायचा.”

“ही ओळ मी वाजवतो,” तो घाईघाईने म्हणाला.

हातोडी अशी हलकी धरली, जणू आत कुणी झोपलंय. पहिला टण्ण. दुसरा टण्ण. अकरा सांधे टण्ण वाजले, तशी स्वारी गालात हसायला लागली. बारावा मात्र बद्द वाजला. त्याने कान लावून पुन्हा वाजवला. पुन्हा बद्द.

“एवढा एक राहू दे का?”

“काका, एका फटीपायी अख्खा बुरूज जातो. तुम्हीच शिकवलंत ना मला?”

“शिकवलं खरं. मेली जीभच वैरीण!”

खरवडला त्याने. चुन्याची खपली गुपचूप खिशात टाकली. नवा चुना भरला, थापी उचलली, परत खाली ठेवली, आणि अंगठ्याने दाबलं. तिच्या नाजूक अकरा खळ्यांशेजारी त्याचा तो ढोबळा खड्डा!

“हसू नकोस,” तो भिंतीला म्हणाला.

मग ओलं गोणपाट लावून तिथेच बसला. चुन्याला सुकायची घाई नसते. आणि याला तरी कुठली? घरी वाट बघायला कोण बसलंय!