पंधरा पाऊणे सव्वाअकरा

माझे बाबा पाणी सांगायचे. म्हणजे गल्लीतलं कोणीही सकाळी दारातून हाक मारून विचारायचं, "आज भरती कधी?" आणि बाबा दात घासता घासता उत्तर द्यायचे. हिशोब सोपा. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा नाहीतर अमावास्या असली की पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्यात ठाण्याच्या खाडीचा पाऊण तास मिळवायचा, की झाले बारा. बाराला पाणी धक्क्याच्या वरच्या दगडाला टेकणार म्हणजे टेकणार. घड्याळ त्यांनी जन्मात बांधलं नाही. मिठागरात उभं आयुष्य गेलेलं. पाणी कधी आत घ्यायचं नि कधी अडवायचं यावर आमचं घर चाललेलं, त्यांना घड्याळाचं काय कौतुक!

मी त्यांची एकुलती एक मुलगी आणि जन्माची घाबरट. तरी गळ टाकायला शिकले ते ठाण्याच्या धक्क्यावर, त्यांच्या शेजारी बसूनच. फाल्गुन-चैत्र हे गळाचे खरे दिवस. पावसाचा गाळ कधीच खाली बसलेला असतो, सकाळी खाडी शांत, दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की दोरीला पोट यायला लागतं आणि मग मासा लागला की वारा लागला हेच कळत नाही. बोईट डोळ्यांसमोर उड्या मारतात, पण गळाला तोंड लावतील तर शपथ. शिंगाळा मात्र हावरट, कोळंबीचा तुकडा दिसला की आलाच. फक्त काढताना त्याचा काटा सांभाळायचा. आणि कधी वर्षातून एखादा जिताडा लागला तर तीन घरं जेवायची. आता काय, दहादा गेलं तर सहादा पिशवी कोरडी येते. पाण्याला औषधासारखा वास असेल त्या दिवशी लागलेला मासाही परत सोडून द्यायचा.

आई गेली, पाठोपाठ बाबांच्या हृदयात स्टेंट बसला आणि मी त्यांना ठाकुर्लीला आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. याला आता दोन वर्षं होतील. इथून रिक्षाने दहा मिनिटांवर खाडीचा एक जुना धक्का आहे, पूर्वी रेतीच्या होड्या लागायच्या तो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबा आमिष लावत बसलेले आणि तिथल्या एका गळवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, ठाण्याचं पाणी मुंबईकडून सरळ येतं. हे वसईकडून वळणं घेत घेत येतं. इथे ठाण्याच्या वर दीड-दोन तास धरायचे."

तेव्हाच बाबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का, तर त्या दिवसांत बाबा माझ्या घरात पाहुण्यासारखे वागायचे. पंखा लावू का म्हणून विचारायचे. स्वतःच्या लेकीच्या घरात! फक्त भरतीची वेळ सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. ती मान खाली घालायला लावायची माझी छाती झाली नाही. मग मी आपली युक्ती काढली. ते "चल, पाणी भरेल" म्हणून घाई करायचे आणि मी कधी कुकर लावायची, कधी चपाती राहिली म्हणायची, कधी रिक्षाच मिळत नाही म्हणून नाक्यावर उभं करायची. ते चिडायचे, बडबडायचे. आम्ही पोचायचो तेव्हा पाणी काठोकाठ. "बघ," बाबा म्हणायचे, "आलो का नाय भरतीला? तुझ्या नादाने चुकणारच होती." मी हो म्हणायची. मला वाटायचं, केवढी गुणाची मुलगी मी.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी मी ठाण्याला नौपाड्यात दाताच्या डॉक्टरकडे गेलेले. फाल्गुनातली अमावास्या, वार बुधवार. आम्ही अमावास्या पाळत नाही, वार पाळतो, त्यामुळे बुधवारी मासे चालतात आणि पाडव्याला श्रीखंड. साडेबाराला खुर्चीतून उतरले, अर्धं तोंड बधिर, आणि फोन बघितला तर नवऱ्याचे तीन मिसकॉल.

"अगं, बाबा गळ घेऊन गेलेत. अकराला. फोन इथेच चार्जिंगला."

"एकटे? कुठे गेले?"

"मी कसं विचारणार? तुम्ही दोघांनीच मला शिकवलंत ना, गळ घेऊन निघालेल्याला कुठे चाललात विचारायचं नाही म्हणून! मला वाटलं, खाली मुलांना काहीतरी दाखवायला चाललेत. एक पापलेट आणतो म्हणाले."

पापलेट ही त्यांची नेहमीची थट्टा. खाडीत पापलेट कुठलं! मला हसू नाही आलं. अमावास्या म्हणजे उधाण, महिन्यातलं सगळ्यात मोठं पाणी. बाबांच्या हिशोबाने बाराला भरती संपली. आता पाणी उतरायला लागलं असं धरून ते पायऱ्या उतरून खालच्या दगडावर जाणार, कारण पाणी फिरताना मासा काठाला येतो. आणि आमच्या या धक्क्यावर तर पाणी पावणेदोनपर्यंत चढतच राहणार.

नवऱ्याला म्हटलं, तू पुढे पळ. तर त्याचा पाय प्लास्टरमध्ये, तो तरी काय करणार! शेजाऱ्यांची दारं वाजवतो म्हणाला, पण बुधवारी भर दुपारी घरी कोण सापडणार! मी स्टेशनकडे धावले, गाडी मिळाली, सबंध वाटेत दारात उभी राहून मनात नाही नाही ते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. मी तर कोणाकोणाला फोन करायचा तेही ठरवून टाकलेलं. आणि स्वतःवरच असा राग येत होता! एक वाक्य सांगायचं होतं, बाई, दोन वर्षांत एक वाक्य.

सव्वा वाजता रिक्षा धक्क्याशी थांबली. भर उन्हात चिटपाखरू नाही. भिंतीवर बाबांची टोपी, पाण्याची बाटली, आमिषाचा डबा. बाबा नाहीत. मी ओरडायला गेले तर बधिर ओठांतून "बाबा" नीट निघेचना, नुसताच बोबडा आवाज. भिंतीवरून वाकून बघितलं तर खाली पायरीवर ते उभे. पाणी गुडघ्यांच्या वर आलेलं. एका हाताने होडी बांधायची लोखंडी कडी धरलेली, दुसऱ्या हातात गळाची काठी. लेंगा पाण्यात फुगलेला. आणि ते काहीतरी पुटपुटत होते.

चपला काढून मी बसत बसत उतरले. पायऱ्यांवर शेवाळ, अंगठा रोवायलाही जागा नाही. जवळ गेल्यावर ऐकू आलं. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, की मी कुठून आले असंही विचारलं नाही.

"बाय, पंधरा पाऊणे किती गो?"

"सव्वाअकरा."

"आज अमावास्याच ना?"

"हो बाबा."

"मग पाणी का चढतंय?"

एवढं लहान तोंड झालेलं मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा. पाण्याची भीती नव्हती ती. पाणी त्यांना काय नवीन! ते स्वतःला घाबरलेले. तेव्हा सांगायचं होतं. पण पाणी मांडीला लागत होतं, त्यांचा हात कडीवरून सुटेना, आणि मला एवढंच सुचलं, "चला आधी वर." काठी सोडा म्हटलं तर सोडेनात. शेवटी मीच ती ओढून भिंतीवर फेकली, त्यांचा दंड माझ्या खांद्यावर घेतला आणि एकेक पायरी करत आम्ही बसत बसत वर आलो. दोन शिंगाळे असलेली पिशवी खालीच राहिली. मी तर चक्क रडत होते. वर आल्यावर बाबा म्हणाले, "माझं डोकं गेलं गो." मी म्हटलं, "काही गेलं नाही, घरी चला."

बाबा घरी आले, आंघोळ केली, वरणभात जेवले. मग काठी पुसून माझ्याकडे दिली. "तुझ्यापाशी ठेव. आता तू सांगशील तेव्हा निघायचं." आणि खरं सांगू? माझा जीव भांड्यात पडला. आता हे एकटे कुठे जाणार नाहीत. डॉक्टरने सांगून, मी भांडून, नवऱ्याने विनवण्या करून जे झालं नव्हतं ते फुकटात झालं. मी काठी घेतली आणि माळ्यावर टाकली. त्या दुपारी बोलले असते तर कदाचित पटलं असतं.

पण बाबा नुसते खाडीवर जायचे थांबले नाहीत. ते विचारायला लागले. आज वार कुठला. गोळी जेवणाआधी की नंतर. हे पाणी आंघोळीला फार कढत नाही ना. दिनदर्शिकेसमोर उभे राहायचे आणि काही न वाचता परत फिरायचे. नवऱ्याने एकदा मुद्दाम विचारलं, "बाबा, आज भरती कधी?" तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तिला विचारा."

चैत्री पौर्णिमेला राहवलं नाही. त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. ठाण्याचं पाणी मुंबईकडून येतं, इथलं वसईकडून. इथे दीड-दोन तास उशीर. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी मुद्दाम कुकर लावायची, तुमचा हिशोब कधी चुकलाच नाही, चुकले ती मी. काठीही माळ्यावरून काढून आणली. म्हटलं, चला, आत्ता जाऊ, तुमच्या डोळ्यांनी बघा.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, ताप आलेल्या पोरीच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

"राहू दे गो बाय," ते म्हणाले. "बापाची समजूत काढायला तू आता खाडी मागेपुढे करायला लागलीस."