इंग्रजी वाक्प्रचारांनी घातलेली मागणी

नव्वदच्या सुमारास मी वडूजला कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहीत असे. सांगलीला मुलगी पाहण्यास निघालो, तर ती इंग्रजीची पदवीधर आणि मी नववी नापास! नकाराच्या धास्तीने नटण्यासजण्याविषयीचे इंग्रजी वाक्प्रचार एसटीत पाठ केले. ती पोहे घेऊन येताच मी उभा राहून, सवयीप्रमाणे मुद्देसूद निवेदन केले, “एक, ड्रेस्ड टु द नाइन्स, म्हणजे नखशिखान्त सजलेली. दोन, ड्रेस्ड टु किल, म्हणजे पाहणारा घायाळ. सबब विनंती की, होकार मिळावा!”

ती खुदकन हसली. “अहो, ही स्तुती की अर्ज?”

“दोन्ही,” मी म्हणालो.

“बाबा, मंजूर करून टाका!”

हर्षभराने मी तिच्या वडिलांच्या दोनदा पाया पडलो. त्या क्षणी माझ्याइतका रुबाबदार पुरुष अख्ख्या सांगलीत नव्हता.