ऐंशीवा हात

"ऐंशी," मी म्हणाले. "विरोधात चाळीस."

मंचावरून आमचे अध्यक्ष क्षीरसागर साहेब माझ्याकडे वाकले. "म्हणजे बसतंय ना?"

"काठावर बसतंय."

त्यांनी माइक पुढे ओढला आणि ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. हॉलच्या डाव्या बाजूला बसलेल्या शेतकरी सभासदांनी टाळ्या वाजवल्या. उजवीकडे थोडी कुजबुज झाली. मग सगळे चहाकडे वळले. रविवारची सकाळ होती. पंचवटीतलं ते मंगल कार्यालय दुपारी एका साखरपुड्याला द्यायचं होतं, म्हणून सकाळपासून मी घाईत होते. त्या घाईत माझ्या हातून एक चूक झाली होती. ती मला दोन दिवसांनी कळली.

आधी आमची संस्था काय आहे ते सांगते. सभासदांच्या मालकीचं भाजीपाला आणि किराण्याचं दुकान, असं सोपं वर्णन करता येईल. मी तिथे अकरा वर्षं व्यवस्थापक होते. लोकांना वाटतं, दुकान मॅनेजरच्या मर्जीनं चालतं. सहकारात तसं नसतं. जो शेअर घेतो तो सभासद. कोणी एक शेअर घेवो की पन्नास, मत प्रत्येकाला एकच. सगळे सभासद मिळून अकरा संचालक निवडतात. संचालक धोरण ठरवतात आणि मॅनेजर ते राबवतो. सभेत मला मत नव्हतं. नोटीस काढायची, दाराशी हजेरी घ्यायची, हात मोजायचे आणि इतिवृत्त लिहायचं, एवढं माझं काम.

आमच्याकडे दोन तऱ्हेचे सभासद होते. शहरातली, विकत घेणारी कुटुंबं आणि सायखेडा बाजूची, माल पिकवणारी कुटुंबं. शेतकरी जेमतेम पाव हिस्सा. त्यामुळे निवडणुकीत त्यांचा माणूस कधी निवडूनच येत नसे. गाडी किती वाजता यावी, कोणता माल परत पाठवावा, हे ठरवणाऱ्या अकरा जणांत भाजी पिकवणारा एकही नव्हता. म्हणून ठराव होता: दोन जागा शेतकऱ्यांसाठी राखीव.

त्यासाठी उपविधी बदलावे लागतात. उपविधी म्हणजे संस्थेची घटना. साधा ठराव निम्म्याहून जास्त हातांनी होतो, पण उपविधी बदलायला मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हात लागतात. एकशेवीस जणांनी मत दिलं होतं. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे बरोबर ऐंशी. एकही हात जास्तीचा नव्हता.

मंगळवारी सकाळी अलका डेर्ले मेथीचे क्रेट घेऊन आली. सायखेड्याच्या सात-आठ घरांचा माल एका टेंपोतून येई, आणि टेंपोबरोबर बहुतेक वेळा ती असे. सहा वर्षं मी तिला रोज बघत होते. वजन झालं, पावती झाली, तरी ती हलेना.

"ताई, जरा बोलायचं व्हतं."

"बोल की."

"रविवारी सभेत मी हात वर केला ना. ते चालतं का?"

"का नाही चालणार?"

"सभासद आत्याबाई हायेत. मी नाय."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, हौसाबाई. मी हजेरीचं रजिस्टर काढलं. हौसाबाई डेर्ले या नावापुढे सही होती, पण ती अलकाच्या अक्षरात. सही माझ्यासमोर झाली होती. "ये गं, बस पुढं," असं मी तिला म्हटल्याचंही मला आठवलं. चेहरा इतका ओळखीचा की सभासद नक्की कोण, हे बघावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी पळवाट शोधू लागले. "त्यांनीच पाठवलं होतं ना तुला?"

"पाठवलं. गुडघे धरले व्हते त्यांचे. पण घरी गेल्यावर इचारलं, काय झालं. म्या सांगितलं, आपल्या बाजूनं हात केला. तर म्हणल्या, मी विरोधात करणार व्हते."

"विरोधात? का बरं?"

"म्हणत्या, दोन जण खुर्चीत बसले का सगळ्यात आधी त्यांचाच माल उतरंल. बाकीचे हायेच रांगेत. लय बोलल्या. माझा हात तू कोणाला इचारून वर केला, म्हणल्या. जाऊन सांगून ये."

नियम साफ होता. सभासदानं स्वतः यायचं. आपल्या जागी दुसऱ्याला पाठवून मत देता येत नाही, मग तो घरचा का असेना. तो एक हात वजा केला की एकूण मतं एकशेएकोणीस, बाजूनं एकोणऐंशी. दोन तृतीयांश व्हायला ऐंशीच लागत होते.

"ताई, ठराव जाईल का यानं?"

"जाईल."

ती उपड्या क्रेटवर बसली. "टेंपोतली माणसं मला बोलायची नाय मग."

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. मी तिला म्हणाले, "तू मला हे सांगितलंच नाहीस असं समजलं तर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. "मग घरी गेल्यावर आत्याबाईला काय सांगू?"

मी रजिस्टर मिटलं.

दुपारी मी क्षीरसागर साहेबांच्या घरी गेले. ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य इन्स्पेक्शनला काढलेला माणूस. तयार झालेला पार्ट मापात आहे की नाही, हे तपासण्याचं काम. निवृत्तीनंतर संस्थेत आले. शेतकऱ्यांना मंडळात आणायची कल्पना त्यांचीच होती. दोन वर्षं ते घरोघरी जाऊन सभासदांना समजावत होते.

सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"अलका, तिची सासू आणि मी."

"इतिवृत्त?"

"मसुदा तयार आहे. तुमची सही राहिली आहे."

इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं याची अधिकृत नोंद. अध्यक्षांची सही झाली की तीच खरी मानली जाते. तिच्यासह आमचा प्रस्ताव सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेला असता आणि रीतसर नोंदवला गेला असता. कोणी विचारलं नसतं. कागद माझ्या पर्समध्येच होते.

"तुम्हाला काय वाटतं, मॅडम?"

"मला हा ठराव हवा होता, साहेब."

"मलाही," ते म्हणाले. "कारखान्यात कधीकधी आपल्याच दोस्ताच्या मशिनचा पार्ट तपासायला यायचा. गेज तेच लावावं लागायचं. दुसरं गेज मिळत नसे." गेज म्हणजे मापाचं हत्यार.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "रजिस्टर माझ्यासमोर होतं."

"तुमची आहेच." त्यांनी ते मऊ करून सांगितलं नाही. "पण निकाल मी जाहीर केला. सभासदांना पत्र काढू. खाली दोघांची सही."

त्या वाक्याचं ऋण मी अजून मानते. एकट्या मॅनेजरवर ढकलून मोकळं होणं त्यांना सहज शक्य होतं. नोकरीत मी तेही पाहिलेलं आहे.

संचालक मंडळाची बैठक गुरुवारी झाली. एक संचालक म्हणाले, एका हातासाठी पुन्हा सभा म्हणजे अतिच. दुसऱ्यांनी मला मेमो द्यावा असं सुचवलं. साहेब म्हणाले, "मेमो जरूर द्या. पण सभा घ्या." मला मेमो मिळाला. तो मी फाइलला लावला आणि चौदा दिवसांची नोटीस काढायला बसले. पत्रात अलकाचं नाव घातलं नाही. 'हजेरी नोंदवताना व्यवस्थापकांकडून चूक झाली व सभासद नसलेल्या व्यक्तीचं मत मोजलं गेलं; शेतकरी कुटुंबातल्याच एका महिलेनं हे स्वतःहून कळवलं' एवढंच लिहिलं.

नाव लपलं मात्र नाही. सायखेड्यात सगळ्यांना कळलं. पुढचे पंधरा दिवस अलकाचे क्रेट टेंपोत सगळ्यात शेवटी चढत. वरून तिला कोणी हात देत नसे. सकाळी ती माझ्यासमोर गुमान वजन करून घेई. मी "कशी आहेस?" विचारलं की "बरी हाय" म्हणे.

दुसऱ्या सभेला हॉल भरला. या वेळी दाराशी मी प्रत्येकाचं ओळखपत्र मागितलं. क्षीरसागर साहेबांचंही. अलका सासूला घेऊन आली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मी तिला आत बसायला सांगितलं तर म्हणाली, "नको ताई. हात उचलायची सवय लागली हाय."

सभा सुरू होताच जोगळेकर सर उठले. कॉलेजातून निवृत्त झालेले, ठरावाचे सगळ्यात कडवे विरोधक. मागच्या सभेत विरोधातले निम्मे हात त्यांनीच गोळा केले असतील. मी वही घट्ट धरली. आता माझी सालपटं निघणार, याची मला खात्री होती.

"मी पत्र दोनदा वाचलं," ते म्हणाले. "ही चूक मला कधीच सापडली नसती. ज्यांच्या फायद्याचा ठराव होता, त्यांच्यातल्याच एकीनं ती सांगितली. याची सभेनं नोंद घ्यावी, असं मी सुचवतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि मॅनेजरबाईंनी यापुढे आजच्यासारखंच वागावं. आज त्यांनी माझंसुद्धा कार्ड उलटंपालटं करून बघितलं."

लोक हसले. मीही हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

मतदान झालं. एकूण एकशेपन्नास. शंभर हात हवे होते, ब्याण्णव झाले. ठराव पडला. विरोधातल्या हातांत हौसाबाईंचा हात होता. सगळ्यांच्या देखत, कोपर ताठ करून त्यांनी तो वर धरला होता. आजूबाजूचे गावकरी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी कोणाकडेही पाहिलं नाही.

व्हरांड्यात अलकानं विचारलं, "गेला ना?"

"गेला."

"किती हात कमी पडले?"

"आठ."

तिनं मोठा श्वास सोडला. "म्हणजे माझ्या एका हातानं नाय गेला." तिचे डोळे भरून आले होते. तोवर ती ते ओझं घेऊन फिरत होती, हे मला तेव्हा समजलं.

ठराव पडला तरी विषय संपला नव्हता. मंडळाच्या अधिकारात एक गोष्ट होती, ती साहेबांनी करून घेतली. दर महिन्याच्या बैठकीला दोन शेतकऱ्यांना निमंत्रित म्हणून बोलवायचं. त्यांना मत नाही, पण बोलता येईल. कोण ते चिठ्ठी टाकून ठरे, म्हणजे दर वेळी वेगळी माणसं. दरम्यान अलकानं स्वतःच्या नावावर शेअर घेतला. अर्ज भरताना तिनं तीन वेळा विचारलं, "आता माझा हात माझा ना?"

तिची चिठ्ठी दोनदा निघाली. दोन्ही वेळा ती मोजकं बोलली. मेथी पहाटे दवात काढली तर ती ओली दिसणारच, तिला सडकी म्हणून परत पाठवू नका, हे तिनं एक जुडी टेबलावर सोडून दाखवलं. संचालकांनी ती जुडी हातात घेऊन पाहिली. त्या दिवसापासून परत जाणारा माल कमी झाला.

पुढच्या वर्षी निवडणूक आली. उमेदवारी अर्जावर सूचक आणि अनुमोदक अशा दोन सभासदांच्या सह्या लागतात. अलकाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. अनुमोदक हौसाबाई होत्या. या वेळी सही त्यांचीच, अक्षर न अक्षर वेगळं काढलेलं. सूचक म्हणून जोगळेकर सरांची सही होती.

मला राहवलं नाही. भाजी घ्यायला आले तेव्हा मी त्यांना विचारलं.

"मला राखीव जागा नको होती," ते दोडके निवडत म्हणाले. "ही बाई चालेल."

अलका खुल्या जागेवर निवडून आली. अकरा जणांत आठवी. थाटाचा विजय नव्हता, पण शहरातल्या लोकांनी मतं दिल्याशिवाय तो झाला नसता. मंडळात तिनं मांडलेला पहिला विषय होता, माल उतरवण्याचा क्रम रोज फिरता ठेवावा. कोणाचाच माल कायम पहिला नको. तो एकमतानं झाला. हौसाबाईंना बातमी कळवली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता बरं झालं."

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. अकरा वर्षांत दुकानात पुष्कळ काही झालं, पण कोणी नोकरीबद्दल विचारलं की मला हीच माणसं आठवतात. एकीनं खरं सांगितलं, एकीनं तिला ते सांगायला पाठवलं, एकानं माझ्या सहीशेजारी सही केली आणि एकानं, हातात आयतं हत्यार मिळूनही, ते वापरलं नाही. यातल्या एकानं जरी वेगळं वागायचं ठरवलं असतं, तरी माझी निवृत्ती एवढी सुखाची झाली नसती.

हल्ली नवीन संस्थांचे लोक कधीकधी सल्ला विचारायला येतात. नियम पुस्तकात असतात, ते मी त्यांना वाचायला देते. माझ्या पदरचं मात्र एकच सांगते. सभेच्या दिवशी दाराशी बसवायला असा माणूस शोधा, जो कोणालाच ओळखत नाही.