सड्यावरच्या शर्यतीत खतिजा

खतिजाच्या तोंडी लागू नये, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. तिच्या दिराला, युसुफभायला, ते वेळेवर आठवलं नाही एवढंच.

तिचा सोळा वर्षांचा रय्यान गावावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, मोटारसायकलच्या शर्यती लावताना सापडला होता. बाप कुवेतला, फोनवरून शिव्या देण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. मग युसुफभायने जुनाच तोडगा काढला. पोर बिघडलं की धाडा मुंबईला मामाच्या दुकानात, अठरा पुरी झाली की आखातात!

"तुम्हालाही असंच धाडलेलं ना?" खतिजा म्हणाली. "काय भलं झालं? बापाच्या मय्यतीला तरी पोचलात?"

युसुफभाय चहा तसाच टाकून उठला. "पोराचं काय बरंवाईट झालं तर माझ्या दारात रडत येऊ नको."

ते मात्र तिला लागलं. भ्यालीच ती. चावी लपवावी तर कार्टं मित्राची गाडी घेणार, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. दुसऱ्या दिवशी रय्यानने गाडी काढली, तशी ती बुरखा सावरत मागे येऊन बसली.

"अम्मी, उतर! कुठं निघालीस?"

"तू जातस तिथं. लाव शर्यत, मी बसतंय मागं."

"पोरं हसतील गो!"

"हसूं देत. दात हायत त्यांना."

पोरं हसलीच, पोट धरधरून. शर्यत सुटली, पण आईची मिठी कमरेला असताना रय्यानचं मनगट काही वळेना. तो सगळ्यांच्या मागून पोचला. खतिजा रोज जाऊ लागली, तीही डबाभर सांदणं घेऊन. खाताना ती एकेकाला घरचं विचारी. सगळ्यांत सुसाट पळवणारा अजिंक्य काही बोलत नसे. त्याचा बाप मुंबईला, आई मिरजोळ्याच्या कारखान्यात. घरी गेला तरी दार त्यालाच उघडावं लागे.

शेवटी रय्यान कंटाळला. "नाय जात मी सड्यावर. झालं समाधान?"

झालं होतं. खतिजाने खुशाल भात टाकला. तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. अजिंक्य उभा होता, मान खाली घालून.

"चाची, रय्यान नाय येत म्हणे. माझ्या मागं बसाल?"

समोरच्या ओट्यावरून युसुफभाय ओरडला, "परक्याच्या पोराची उठाठेव कशाला?"

खतिजाने गॅस बंद केला आणि बुरखा चढवला.

"मग ह्याला पण धाडू मुंबईला?" असं विचारून ती अजिंक्यच्या मागे बसली.